हासळीचं हाड

मिरजेला लोक हाडं घेऊन येतात,
बेळगावकडून, जतकडून, पार विजापूरकडून.
मी त्यांच्या सावल्या काढतो.
एकवीस वर्षं. "श्वास घ्या. धरा. सोडा."
दिवसभरात माझं बोलणं एवढंच.

आज बिराप्पा सरगर. वय सतरा.
कुंडलच्या मैदानात समोरच्यानं उचलून टाकला
तो थेट डाव्या खांद्यावर.
कानात अजून आखाड्याची तांबडी माती,
तिला हळदीचा नि ताकाचा वास.

फिल्म उजेडाला धरली.
हासळी मधोमध मोडलेली,
ओला ऊस मोडला तरी सालीनं धरून राहतो
तशी.

बाप घोंगडं सावरत वाकून बघत होता.
"साहेब, ह्ये हाड असतंय तरी कशाला?
करंगळीएवढं. मेंढराला तर नसतंय की ह्ये."

नसतं. बरोबर आहे.
मला ते पुस्तकात कळलं होतं,
त्याला सुरीनं.

कामेरीकर बाई फळ्यावर एक मासा काढायच्या.
डोकं नांगराच्या फाळासारखं, हाडाच्या ढालींनी मढवलेलं,
मागं शेपटीची चिंधी.
जबडा नाहीच.
"विसरले नाही मी," म्हणायच्या,
"जबडा व्हायचा होता अजून."
पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचं पाणी.
तो तळाला तोंड लावायचा, चिखल ओढायचा,
त्यातलं मिळेल ते ठेवायचा.
पाठीत कणा कुठला, एक मऊ दोरी.
हाड सगळं बाहेर,
जीव सगळा आत.

पाच मार्कांची टीप होती.
मला साडेतीन.

मी तेव्हा सायकल मारत दंडोबाच्या डोंगरावर गेलो होतो,
शेजारच्या गवंड्याची हातोडी मागून.
दिवसभर काळा कातळ फोडला.
खवलंसुद्धा नाही.
बाई हसल्या. "अरे, हा दगड कालचा.
तो मासा दगडाहून म्हातारा.
डोंगरात काय शोधतोस,
जीभ फिरव दातांवरून."

त्या ढालींवर म्हणे बारीक दाणे असायचे,
दातांच्याच मालाचे,
आतून नस गेलेली.
म्हणजे चिलखत बधिर नव्हतं.
त्याला पाणी गार लागायचं.

हे मला परीक्षेनंतर कळलं, फार नंतर,
स्टँडसमोर उसाच्या रसात बर्फ जास्त पडला
आणि दाढेतून कळ डोक्यात गेली तेव्हा.
गाडीवाला विचारत होता, "काय झालं?"
काय सांगणार.
जुनी गोष्ट आहे, म्हणालो.

कवच कुणी टाकून दिलं नाही.
पिढ्यांमागून पिढ्या ते आत घेतलं गेलं.
काही ढाली कातडीखाली जाऊन कवटीचं छप्पर झाल्या.
कल्ल्यांची एक कमान पुढं सरकली
नि चावायला शिकली, असं म्हणतात.
आणि गळ्याजवळची एक, अगदी काडी होत होत,
खांद्याला धरून राहिली.
मेंढरानं ती सोडली, पळायला बरं म्हणून.
आपण ठेवली.
फांदीला लोंबायला, पोर कडेवर घ्यायला,
समोरच्याच्या मानेवर हात टाकायला
आणि मग त्याच चिखलात
तोंडावर पडायला.

यातलं काहीच मी बोललो नाही.
बाहेर सतरा नंबर थांबलेले.
"हात वर उचलायला असतंय," एवढंच म्हणालो.
"मग जुळंल न्हवं?"
"सहा आठवडे. तालीम बंद."
पोरगं भिंतीकडं बघत राहिलं.

बापानं मान हलवली.
मग घोंगड्याच्या आत हात घालून
बाजारात मेंढरू चाचपावं तसं
स्वतःच्या गळ्याखाली बोटं फिरवली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
सावकाश,
आहे का बघत.